मद्रासची उमेदवारी

आज सुरुवात एका शब्दापासून करू. उमेदवार.

हा शब्द कानावर पडला की आपल्याला निवडणूक आठवते. अर्ज, चिन्ह, अनामत रक्कम. पण घरात ऐंशीच्या पुढचं कुणी असेल तर त्यांना विचारून बघा. ते सांगतील, मी अमक्या वकिलांकडे दोन वर्षं उमेदवारी केली, तमक्या पेढीवर उमेदवारी केली. म्हणजे पगार नाही, किंवा असलाच तर नावापुरता. काम पडेल ते. आणि बदल्यात काय, तर शिकायला मिळेल आणि पुढेमागे चिकटायला मिळेल ही उमेद. ती उमेद धरून जो दारात उभा राहतो तो उमेदवार. आज आपण इंटर्नशिप म्हणतो, सीएची मुलं आर्टिकलशिप म्हणतात. आपल्याकडे त्यासाठी फार जुना आणि फार प्रामाणिक शब्द होता.

आज आपण या उमेदवारीचा इतिहास बघणार आहोत, तोही एका शहरातला. चेन्नई, म्हणजे जुनं मद्रास. आणि उमेदवारी कशाची, तर हिशेबाची.

आधी आजचं चित्र डोळ्यांसमोर आणा. बेळगाव किंवा सोलापूरसारख्या गावातून एखादी मुलगी सीएच्या आर्टिकलशिपसाठी चेन्नईला जाते. कुणाच्या हाताखाली शिकायचं, त्या सीएला प्रिन्सिपल म्हणतात. त्याच्याशी रीतसर करार होतो, तो इन्स्टिट्यूटकडे नोंदवला जातो. पूर्वी ही मुदत तीन वर्षांची होती, जुलै २०२३ पासून ती दोन वर्षांवर आली. स्टायपेंड किती, हे शहराच्या लोकसंख्येवर ठरतं. रजा वर्षाला बारा दिवस. आणि काम? पहिले काही महिने व्हाउचिंग. म्हणजे वहीत लिहिलेल्या प्रत्येक खर्चामागे कागद आहे का ते बघायचं, असेल तर टिक करायची. अंबत्तूरच्या औद्योगिक वसाहतीत जायचं, तिथे किरकोळ खर्चाच्या पावत्या हातानं लिहिलेल्या, त्याही तमिळमध्ये. ३१ मार्चला गोदामात उभं राहून माल मोजायचा. त्या उन्हाचं वर्णन चेन्नईत राहिलेल्यांना सांगायला नको. बँकेचं पासबुक आणि कंपनीची वही यांत काही रुपयांचा फरक निघतो, तो शोधण्यात अख्खा दिवस जातो. संध्याकाळी तिच्या मनात एकच प्रश्न येतो. मी हे कशासाठी करतेय? यात शिकण्यासारखं काय आहे?

मंडळी, हा प्रश्न या शहरात २८० वर्षांपूर्वीही एका मुलाला पडला होता.

१७४४ साल. मद्रासच्या किनाऱ्यावर एक मुलगा जहाजातून उतरला. वय अठरा. नाव रॉबर्ट क्लाइव्ह. आपण त्याला प्लासीच्या लढाईमुळे ओळखतो, पण तो इथे आला तो तलवार घेऊन नाही, लेखणी घेऊन. ईस्ट इंडिया कंपनीत त्याची नेमणूक होती 'रायटर' म्हणून. रायटर म्हणजे लेखक नव्हे बरं का. रायटर म्हणजे शिकाऊ कारकून. कंपनीच्या उतरंडीतली ही सगळ्यात खालची पायरी. त्याच्या वर फॅक्टर, त्याच्या वर मर्चंट. पगार वर्षाला पाच पौंड. वर्षाला! काम काय, तर सेंट जॉर्ज किल्ल्यात बसून वह्या उतरवून काढायच्या, पत्रांच्या नकला करायच्या, कापडाच्या गाठी मोजून नोंदी करायच्या. क्लाइव्ह या कामाला इतका विटला, एकटेपणानं इतका खचला, की त्यानं तिथे जीव द्यायचा प्रयत्न केला असं त्याचे चरित्रकार सांगतात. दोन वर्षांनी, १७४६ मध्ये फ्रेंचांनी मद्रास घेतलं, हा वेष पालटून निसटला, कडलूरजवळच्या कंपनीच्या किल्ल्यावर पोचला आणि पुढे सैन्यात शिरला. त्याची हिशेबाची उमेदवारी तिथेच संपली.

पण इथे थोडं थांबू. पाच पौंडांत माणूस जगणार कसा? कंपनीलाही ते माहीत होतं. म्हणून तिनं आपल्या नोकरांना एक मुभा दिली होती. कंपनीचं काम सांभाळून स्वतःचा खाजगी व्यापार करा. म्हणजे दिवसा मालकाची वही लिहायची आणि उरलेल्या वेळात स्वतःची. या व्यवस्थेत शिकाऊ मुलगा काय शिकणार? तो हे शिकणार की वही मालकाला दाखवण्यासाठी असते, आणि खरा नफा वहीबाहेर असतो. पुढे बंगालमधून क्लाइव्ह अफाट संपत्ती घेऊन मायदेशी गेला. १७७२-७३ मध्ये ब्रिटिश संसदेनं त्याच्या कारभाराची चौकशी केली, तेव्हा आपण काही वावगं केलं असं त्याला वाटत नव्हतं. मला विचाराल तर याचं मूळ त्या मद्रासच्या खोलीत सापडतं. अठराव्या वर्षी ज्याला कुणी हिशेबाचा अर्थ सांगितला नाही, त्यानं चाळिशीत हिशेब द्यावा अशी अपेक्षा धरणं जरा जास्तच आहे.

आता आपल्या माणसांकडे वळू. कारण मद्रासच्या हिशेबात मराठी माणूस उपरा नव्हता.

सतराव्या शतकात शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजी यांनी तंजावरला राज्य स्थापन केलं. ते राज्य १८५५ पर्यंत, नावापुरतं का होईना, टिकलं. या काळात दक्षिणेत मराठी कारभारी, कारकून, शिरस्तेदार अशी मोठी फळी तयार झाली. तंजावर दरबाराचे मोडी कागद आजही तिथल्या सरस्वती महाल ग्रंथालयात आहेत. त्यांत राजकारण आहे, तसाच रोजचा जमाखर्चही आहे. पुढे कंपनीचं राज्य आलं, कलेक्टर आले, पण कचेरीतली वही लिहिणारा हात बराच काळ तोच राहिला. मद्रास इलाख्यातल्या कितीतरी जिल्हा कचेऱ्यांत, अगदी तेलुगू मुलखातल्या गुंटूरपर्यंत, देशस्थ मराठी कारकुनांचा जोर होता. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत महसुली हिशेबात मराठी चालत होती. विचार करा, रयत तेलुगू किंवा तमिळ बोलणारी, साहेब इंग्रजी बोलणारा, आणि मधली वही मराठीत!

या कचेऱ्यांच्या ओसरीवर उमेदवार बसलेले असत. कुणाचा भाचा, कुणाचा मेहुणा. पगार नाही. नकला करायच्या, दप्तर लावायचं, जागा कधी रिकामी होते त्याची वाट बघायची. शिकायचा मार्ग हाच होता. पण याची दुसरी बाजूही लक्षात घ्या. त्या ओसरीवर बसायला आधी आत कुणीतरी आपलं माणूस लागायचं. ज्याचं आत कुणी नाही, त्याला उमेदवारीसुद्धा नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, आपल्याला पुढे तिच्याकडे परत यायचं आहे.

अशाच कारभारी घराण्यातला एक मुलगा. जन्म १८२८, कुंभकोणम. घरात मराठी. वडील आणि चुलते दोघंही त्रावणकोर संस्थानाचे दिवाण राहिलेले. हा मद्रासच्या सरकारी हायस्कुलात शिकला, गणितात हुशार निघाला, आणि १८४८ च्या सुमारास मद्रासच्या अकाउंटंट जनरलच्या कचेरीत लागला. वय वीस. त्याचं नाव टी. माधवराव. हेच पुढचे सर टी. माधवराव. बडोद्याच्या आणि इंदूरच्या मंडळींना हे नाव परकं नाही.

त्या कचेरीत ते फार काळ नव्हते. १८४९ मध्ये त्रावणकोरच्या राजपुत्रांचे शिक्षक म्हणून ते तिकडे गेले. पण सरकारी तिजोरीचा हिशेब आतून कसा चालतो, पैसा कुठून येतो, कुठे अडकतो, कोणत्या खात्यावर टाकला की दिसेनासा होतो, हे बघायला ती थोडी वर्षं पुरेशी असतात. १८५७ मध्ये त्रावणकोरची दिवाणगिरी त्यांच्याकडे आली तेव्हा संस्थान कर्जात होतं. त्यांनी मिरीची सरकारी मक्तेदारी काढली, व्यापारावरचे जाचक कर कमी केले, आणि तरीही कर्ज फेडलं. शिवाय एक गोष्ट केली जी मला सगळ्यात मोठी वाटते. संस्थानाच्या कारभाराचा अहवाल आकड्यांसह छापून प्रसिद्ध होऊ लागला. राजाच्या घरचा जमाखर्च चारचौघांना वाचता येऊ लागला. पुढे इंदूर, आणि १८७५ पासून बडोदा. मल्हारराव गायकवाडांच्या कारभारानंतर विस्कटलेली घडी माधवरावांनी बसवली. सयाजीराव लहान होते, त्यांच्या हाती १८८१ मध्ये जे राज्य आलं ते हिशेब जाग्यावर असलेलं राज्य होतं. उतारवयात माधवराव मद्रासला परतले आणि मयिलापूरला १८९१ मध्ये वारले.

म्हणजे बघा, एकाच शहरात दोन उमेदवार. दोघंही विशीच्या आतबाहेर. दोघंही वह्यांपुढे बसलेले. एकानं हिशेब टाळला, दुसऱ्यानं हिशेब छापला. वही सारखीच होती. फरक होता तो हा, की वही कुणासाठी लिहायची याचं उत्तर ज्यानं त्यानं काय दिलं.

आता तिसरी गोष्ट. आणि खरं सांगायचं तर आजचा सगळा घाट मी तिच्यासाठीच घातला आहे.

२२ ऑक्टोबर १९०६. मद्रासमध्ये अर्बथनॉट अँड कंपनी बुडाली. शंभर वर्षं चाललेली पेढी. पेन्शनर, विधवा, शिक्षक, देवस्थानं, सगळ्यांच्या ठेवी तिथे. इंग्रजाची पेढी म्हणजे दगडावरची रेघ, असा विश्वास. पेढीचे प्रमुख सर जॉर्ज अर्बथनॉट यांना पुढे अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली, पण ठेवी काही परत आल्या नाहीत. या धक्क्यातून शहरातली भारतीय मंडळी पुढे आली आणि १९०७ मध्ये इंडियन बँक उभी राहिली. वही कोण लिहितो इतकंच महत्त्वाचं नाही, ती कोण तपासतो हेही तितकंच महत्त्वाचं आहे, हे या शहरानं पोळून शिकलं.

त्याच १९०७ च्या जुलैमध्ये मद्रास इलाख्यात एक मुलगी जन्मली. आर. शिवभोगम. ती शिकली ट्रिप्लिकेनच्या लेडी विलिंग्डन शाळेत आणि मग क्वीन मेरीज कॉलेजात. तिच्यावर प्रभाव होता सिस्टर सुब्बलक्ष्मी यांचा. आपल्याकडे अण्णासाहेब कर्वे यांनी हिंगण्याला जे काम केलं, त्या जातीचं काम सुब्बलक्ष्मींनी मद्रासला केलं. स्वतः बालविधवा, १९११ मध्ये पदवीधर झाल्या, समुद्रकिनाऱ्यावरच्या आइस हाउसमध्ये विधवा मुलींचं वसतिगृह चालवलं.

शिवभोगम गांधीजींच्या चळवळीत उतरली. तिला एक वर्षाची कैद झाली. आणि मंडळी, तुरुंगात तिनं ठरवलं की बाहेर गेल्यावर आपण अकाउंटन्सी करायची. तुरुंगात माणसं कविता लिहितात, गीता वाचतात. हिनं ताळेबंद शिकायचं ठरवलं!

त्या काळात हा व्यवसाय कसा होता तेही समजून घेऊ. १९१३ च्या कंपनी कायद्यानं पहिल्यांदा ठरवलं की कंपनीचे हिशेब तपासायला सरकारी सर्टिफिकेट असलेलाच माणूस लागेल. सर्टिफिकेटं दोन प्रकारची होती. एक देशभर चालणारं, दुसरं फक्त ठरावीक प्रांतात आणि ठरावीक भाषेत चालणारं. दुसरा प्रकार १९२० मध्ये बंद झाला. १९१८ मध्ये मुंबईत शिक्षणक्रम सुरू झाला, गव्हर्नमेंट डिप्लोमा इन अकाउंटन्सी, म्हणजे जीडीए. परीक्षा द्यायची, आणि मान्यताप्राप्त अकाउंटंटच्या हाताखाली तीन वर्षं आर्टिकल्स करायचे. म्हणजे परीक्षा एकवेळ अभ्यास करून सुटेल, पण आत घेणारा माणूस भेटला पाहिजे. पुन्हा तीच कचेरीची ओसरी! विलायतेत तर शिकाऊ मुलाच्या बापानंच प्रिन्सिपलला मोठी रक्कम मोजायची रीत होती. आणि मुली? खुद्द इंग्लंडमध्ये कायदा बदलल्यावर, १९२० मध्ये, मेरी हॅरिस स्मिथ ही पहिली स्त्री चार्टर्ड अकाउंटंट झाली. त्यासाठी तिनं कित्येक वर्षं दारं ठोठावली होती.

मद्रासमध्ये शिवभोगमला आत घेणारा माणूस भेटला. सी. एस. शास्त्री. शहरातले नामवंत ऑडिटर. त्यांनी या मुलीला आर्टिकल क्लार्क म्हणून घेतलं. त्या काळचं आर्टिकल क्लार्कचं काम म्हणजे काय, तर लांबच लांब रकान्यांच्या बेरजा तोंडी आणि हातानं करायच्या, रंगीत पेन्सिलीनं खुणा करायच्या, आणि अशिलाच्या दुकानात, गोदामात, कचेरीत जाऊन बसायचं. जॉर्ज टाउनच्या पेढ्यांत, जिथे बाईमाणूस सहसा पाऊल टाकत नसे, तिथे जाऊन म्हणायचं, ही नोंद कशाची, कागद दाखवा. तुरुंगातून आलेल्या मुलीला हे विचारायचं धैर्य वेगळं आणावं लागलं नसेल असं मला वाटतं.

१९३३ मध्ये ती जीडीएची परीक्षा उत्तीर्ण झाली. भारतातली पहिली स्त्री.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण नाही. १९३२ मध्ये नवे नियम आले होते. आता सरकारदरबारी रजिस्टर होतं, त्यात नाव असेल तोच रजिस्टर्ड अकाउंटंट. आणि तुरुंगात गेलेल्या माणसाला त्या रजिस्टरात जागा नव्हती. आता यातली गंमत बघा, गंमत कसली, अन्याय बघा. हा नियम कशासाठी असतो? लबाडी करणारा, अफरातफर करणारा माणूस लोकांच्या वह्या तपासायला बसू नये म्हणून. रास्तच आहे. अर्बथनॉटचं उदाहरण समोर होतं. पण ज्यानं ठेवीदारांना बुडवलं त्याची कैद आणि जिनं सरकारचा अन्याय मुकाट सोसला नाही तिची कैद, नियमाच्या लेखी एकच! खात्याचं नाव न बघता नुसती रक्कम बघून टिक केली, अशी ही चूक. कुठल्याही प्रिन्सिपलनं आर्टिकल क्लार्कचे कान धरले असते.

शिवभोगम कोर्टात गेली. ज्या सरकारनं तुरुंगात घातलं, त्याच सरकारविरुद्ध. आणि जिंकली. १९३७ मध्ये तिनं स्वतःचा व्यवसाय सुरू केला. योगायोग असा की याच मद्रासमध्ये, याच १९३७ साली, चळवळीत तुरुंग भोगून आलेल्या आणखी एका तरुणीनं आंध्र महिला सभा स्थापन केली. तिचं नाव दुर्गाबाई. पुढे त्या सी. डी. देशमुखांच्या पत्नी झाल्या, म्हणजे आपल्याही झाल्या.

१९४९ मध्ये चार्टर्ड अकाउंटंट्स कायदा आला, १ जुलैला इन्स्टिट्यूट स्थापन झाली. त्या इन्स्टिट्यूटच्या दक्षिण विभागाच्या अध्यक्षपदी १९५५ ते १९५८ अशी तीन वर्षं शिवभोगम होत्या. विभागीय अध्यक्षपदावरची पहिली स्त्री. १९५६ मध्ये त्यांनी सीएच्या अंतिम परीक्षेत उत्तम यश मिळवणाऱ्या विद्यार्थिनीसाठी बक्षीस ठेवलं. आपण ज्या दारातून मोठ्या कष्टानं आत आलो, ते उघडं राहावं म्हणून लावलेला तो अडसर होता असं समजा. १९६६ मध्ये त्या गेल्या.

आता आपण परत येऊ त्या बेळगावच्या किंवा सोलापूरच्या मुलीकडे. नुंगमबाक्कमला इन्स्टिट्यूटचं दक्षिण विभागाचं कार्यालय आहे. कधी ना कधी क्लाससाठी किंवा कागदासाठी ती तिथे जातेच. चेन्नईतल्या जुन्या फर्म्सची यादी चाळताना तिला 'एम. के. दांडेकर अँड कंपनी' असंही एक नाव दिसेल आणि परक्या शहरात आडनाव ओळखीचं निघालं म्हणून जरा बरं वाटेल. आज तिला आर्टिकल्स मिळायला कुणाची भाची असावं लागत नाही. तिच्या बापाला रक्कम मोजावी लागत नाही, उलट तिला स्टायपेंड द्यावाच लागतो. थोडा असतो, घरभाड्यालाही पुरत नाही, ही तक्रार खरी आहे आणि क्लाइव्हची गोष्ट आठवली तर ती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. शिकणाऱ्याला उपाशी ठेवलं तर तो काय शिकेल, याचा धडा याच शहरात मिळालेला आहे.

आणि तिचा तो संध्याकाळचा प्रश्न? हे कशासाठी करतेय? बेरीज तर आता यंत्रही करतं. पण पावतीवर टिक करताना तिच्या हाताला दुसरीच एक सवय लागत असते. समोरचा कितीही मोठा असो, त्याच्याकडे कागद मागायची. तमिळ येत नसेल तर दुकानातल्या मुनिमाकडून शब्द शिकून घ्यायची, पण न वाचता टिक न करण्याची. आपल्या भाषेत म्हणूनच हिशेब नुसता करत नाहीत, हिशेब मागतात. करायला गणित लागतं, मागायला कणा लागतो. शिवभोगम यांनी आधी पेढीवाल्यांकडे मागितला, मग सरकारकडे मागितला.

तुमच्यापैकी कुणी सध्या आर्टिकलशिप करत असाल, मग ते चेन्नईत असो, पुण्यात असो की हैदराबादेत, तर उद्या कामावर जाताना हे आठवून बघा. आणि घरातल्या मोठ्यांना त्यांच्या उमेदवारीच्या दिवसांबद्दल जरूर विचारा. उशीर करू नका.